इलेक्टर म्हणून मत देताय? या चुका टाळा

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष नोव्हेंबरात निवडून येतो असं आपण म्हणतो, पण कायद्याच्या लेखी तो निवडला जातो डिसेंबरात, 538 इलेक्टरांच्या, म्हणजे पक्षांनी आधी यादी करून दिलेल्या आणि नोव्हेंबरात लोकांनी निवडलेल्या राज्याराज्यांच्या प्रतिनिधींच्या, सह्यांनी. ही मंडळी एका छपराखाली कधीच जमत नाहीत. आपापल्या राज्यात, एकाच दिवशी बसतात. नुसता उपचार आहे, त्यात काय चुकायचंय, असं म्हणणारेच नेमके चुकतात. तिकडची आपली मंडळीही आता पक्षाच्या कामात आहेत. यादीत कुणाचं नाव आलंच तर आधी हे वाचा.

सगळ्यात हास्यास्पद चूक मतपत्रिकेवरची. 1804च्या बाराव्या घटनादुरुस्तीपासून राष्ट्राध्यक्षाचं मत वेगळं आणि उपराष्ट्राध्यक्षाचं वेगळं. त्याआधी प्रत्येकाला दोन मतं असत, पण कुठलं कोणत्या पदासाठी हे लिहायची सोय नव्हती. त्यामुळे 1800 साली राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जेफरसन आणि त्यांचेच जोडीदार बर या दोघांनाही 73-73 मतं पडली आणि ही बरोबरी सोडवायला संसदेच्या प्रतिनिधिगृहाला 36 वेळा मतदान घ्यावं लागलं. एवढं रामायण होऊनही डिसेंबर 2004 मध्ये मिनेसोटाच्या दहांपैकी एका इलेक्टरने राष्ट्राध्यक्षाच्या पत्रिकेवर आपल्या पक्षाचे उमेदवार जॉन केरी यांच्याऐवजी उपराष्ट्राध्यक्षपदासाठीच्या त्यांच्या जोडीदाराचं, एडवर्ड्स यांचं नाव लिहिलं. तेही धड नाही, ‘इवर्ड्स’! उपराष्ट्राध्यक्षपदासाठीही त्याने एडवर्ड्सनाच मत दिलं. मतदान गुप्त, त्यामुळे कुणाचा हात घसरला ते कळलं नाही. कुणी पुढेही आलं नाही. केरींची दहाची नऊ झाली. पुढे मिनेसोटाने कायदाच बदलला. तेव्हा शक्य तिथे दोन्ही पत्रिकांवर पदाचं आणि उमेदवाराचं नाव आधीच छापून घ्यावं, आणि पहिल्या पत्रिका गोळा झाल्याशिवाय दुसऱ्या वाटूच नयेत. पाच मिनिटं वाचवायला दोन्ही एकदम हातात देणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

दुसरी चूक यादी करतानाच होते. सिनेटर, प्रतिनिधिगृहाचा सदस्य किंवा केंद्र सरकारचं पद सांभाळणारा माणूस इलेक्टर होऊ शकत नाही. पद किती किरकोळ, याला महत्त्व नाही. 1876 साली ओरेगनमधले वॉट्स नावाचे इलेक्टर एका लहान गावाचे पोस्टमास्तर निघाले. विरोधी पक्षाच्या गव्हर्नरने लगेच त्यांच्या जागी आपल्या पक्षाच्या क्रोनिन यांना प्रमाणपत्र दिलं. इकडे वॉट्सनी राजीनामा दिला आणि उरलेल्या दोन इलेक्टरांनी रिकाम्या जागी पुन्हा त्यांनाच घेतलं. एका राज्यातून दोन निकाल वॉशिंग्टनला पोचले. वॉट्स यांच्या पक्षाचे उमेदवार हेज शेवटी 185-184 असे जिंकले, म्हणजे या एका मतावर सगळा डोलारा. भांडण 15 जणांच्या आयोगापर्यंत गेलं. टपाल खात्यात, लष्करात, केंद्राच्या कुठल्याही कचेरीत नोकरी असेल तर राजीनामा निवडणुकीच्या आधी द्या. ‘नंतर बघू’ इथे चालत नाही.

इलेक्टरांच्या मतदानाची तारीख सध्या डिसेंबरच्या दुसऱ्या बुधवारनंतरचा पहिला मंगळवार. 2024 साली 17 डिसेंबर. हवामानाचं कारण सांगू नका, आदल्या रात्रीच मुक्कामाला या. 1856 साली विस्कॉन्सिनचे पाच इलेक्टर बर्फाच्या वादळामुळे एक दिवस उशिरा जमले, आणि मतमोजणीच्या वेळी ही मतं धरायची की नाही यावर वाद झाला.

दोन्ही पदांचे उमेदवार तुमच्याच राज्याचे असतील तर दोघांपैकी एकालाच मत देता येतं. 2000 साली टेक्सासच्या बुश यांचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे जोडीदार डिक चेनी यांनी मतदार नोंदणी टेक्सासमधून वायोमिंगला हलवली ती उगाच नव्हे. टेक्सासची 32 मतं पणाला होती.

ऐन वेळी सद्सद्विवेक जागा होऊन आपल्या पक्षाचा उमेदवार सोडून दुसऱ्यालाच मत देणाऱ्यांसाठी: वॉशिंग्टन राज्याने 2016च्या अशा वीरांना प्रत्येकी 1,000 डॉलर दंड केला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना तो अधिकार असल्याचं सांगितलं.

उरलं कागदपत्रांचं. मोजली जाते ती मतपत्रिका नव्हे, प्रमाणपत्र. त्यात दोन्ही पदांच्या वेगळ्या याद्या आणि सगळ्यांच्या सह्या हव्यात, सोबत इलेक्टर कोण हे सांगणारं गव्हर्नरचं प्रमाणपत्र. 2020 साली सात राज्यांत पराभूत पक्षाच्या लोकांनी सह्या करून कागद पाठवले, पण गव्हर्नरचं प्रमाणपत्र त्यांच्याकडे नव्हतं. तुमच्या खऱ्या कागदांचे सहा संच करायचे: एक सिनेटच्या अध्यक्षांना, दोन राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याला, दोन राष्ट्रीय अभिलेखागाराला, एक स्थानिक केंद्रीय न्यायाधीशाला. सह्या झाल्या की तिथेच सहाही संच एकमेकांशी ताडून बघा. लोक घाईने पाकिटं बंद करतात आणि चूक सापडते वॉशिंग्टनमध्ये. न्यायाधीशाकडचा संच शोभेचा नाही. डिसेंबरच्या चौथ्या बुधवारपर्यंत बाकीचे पोचले नाहीत, तर खास माणूस पाठवून तोच मागवून घेतात.