कर्नलच्या क्रिप्टोला कॉपी न करता डेटा कसा द्यायचा: व्हीएमस्प्लाइस आणि स्प्लाइस

व्हीएमस्प्लाइस आणि स्प्लाइस हे लिनक्सच्या कर्नलचे (सिस्टिमच्या गाभ्याचे) दोन कॉल आहेत, त्यांनी कर्नलमधल्या क्रिप्टोला, म्हणजे एन्क्रिप्शन आणि हॅशच्या कोडला, कॉपी न करता डेटा देता येतो. आधी बघा की तुम्हाला हे खरंच लागतंय का. इंटेल-एएमडीच्या लॅपटॉपवर एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीच्या इन्स्ट्रक्शन प्रोसेसरमध्येच असतात, तिथं सरळ ओपनएसएसएल लायब्ररी वापरा, कर्नलपर्यंत हेलपाटे घालून काही मिळत नाही, उलट प्रत्येक सिस्टिम कॉलचा वेळ वाढतो. एएफ-एएलजी सॉकेट, म्हणजे प्रोग्रॅममधून कर्नलचं क्रिप्टो वापरायचं दार, लिनक्समध्ये २०११ पासून, म्हणजे २.६.३८ पासून आहे, आणि त्याचा खरा उपयोग होतो तो बोर्डावर वेगळं क्रिप्टो हार्डवेअर असलं आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असला तरच. इकडं बेळगावात उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये रीडिंग गोळा करायला आम्ही बीगलबोन ब्लॅक या छोट्या बोर्डाचे बॉक्स बसवतो, त्यातल्या एएम३३५एक्स चिपमध्ये एईएस आणि शा (हॅश, म्हणजे डेटाचा छोटा ठसा, काढायची पद्धत), दोन्हीची इंजिनं आहेत पण मेन कोर एकच आहे. तो एकुलता एक कोर मेमरी इकडून तिकडं कॉपी करण्यात गुंतला तर इंजिन असून काय उपयोग? म्हणून हा सगळा खटाटोप.

इंजिन लागलंय का ते प्रॉकमधल्या क्रिप्टो फाइलमध्ये (/proc/crypto) बघा. एकाच अल्गोरिदमच्या दोन-तीन नोंदी दिसतील, ज्याची प्रायॉरिटी जास्त तो ड्रायव्हर वापरला जातो. ड्रायव्हरच्या नावात जेनेरिक असेल तर ते नुसतं सॉफ्टवेअर आहे, मग पुढचं वाचायच्या आधी तो प्रश्न सोडवा.

सॉकेट उघडणं, टाइप आणि नाव देऊन बाइंड करणं, सायफर (एन्क्रिप्शन) असेल तर सेटसॉकऑप्टनं की (किल्ली) देणं, मग अ‍ॅक्सेप्ट करून दुसरा डिस्क्रिप्टर (उघड्या सॉकेटचा नंबर) घेणं, हे सगळ्या उदाहरणांत बरोबर दिलेलं असतं, तसंच करा. डेटा जातो तो अ‍ॅक्सेप्टमधून मिळालेल्या डिस्क्रिप्टरवर. सायफरला एन्क्रिप्ट की डिक्रिप्ट ते आणि आयव्ही (एन्क्रिप्शनची सुरुवातीची किंमत) एका सेंडएमएसजीमधून डेटा न घालता मोअर फ्लॅगसह ('अजून डेटा येतोय' ही खूण) आधी पाठवा, डेटा नंतर.

आता मुख्य काम. पाइप (कर्नलमधली डेटाची नळी) तयार करायचा, व्हीएमस्प्लाइसनं आपल्या बफरची पेजेस (मेमरीचे ठरावीक साइजचे तुकडे) पाइपात अडकवायची, मग स्प्लाइसनं पाइपातून क्रिप्टोच्या डिस्क्रिप्टरवर ढकलायची आणि शेवटी रीड करून उत्तर घ्यायचं. ऐकायला तीन ओळींचं काम आहे, आणि नेटवरचे बरेच लेख इथंच संपतात. त्याचाच मला राग येतो, कारण घोळ सगळा याच्या पुढं आहे आणि मी पण इथंच लई दिवस अडकून बसलो होतो.

पाइपात बाइट मोजले जात नाहीत, पेजेस मोजली जातात. नव्या पाइपात १६ जागा असतात आणि एका जागेत जास्तीत जास्त एक पेज. खानापूरच्या वडापात सीटवर नुसती पिशवी ठेवली तरी सीट गेली, तसंच हे, पेजमधले चारच बाइट तुमचे असले तरी पूर्ण जागा जाते. ४ केबीच्या पेजला १६ जागा म्हणजे ६४ केबी हे गणित बरोबर आहे, पण बफर पेजच्या सुरुवातीलाच सुरू होत असेल तरच. मधूनच सुरू झाला तर तोच ६४ केबी १७ पेजेसवर पसरतो, सतरावं पेज पाइपात बसत नाही आणि व्हीएमस्प्लाइस तुम्ही मागितलं त्यापेक्षा कमी आकडा परत देतो. तो आकडा न बघता तुम्ही पुढचा तुकडा घेतला की मधले बाइट गायब. एरर नाही, क्रॅश नाही, हॅश मात्र चुकीचा.

आणि बफर कुठनं आणता? मॅलॉककडनं, म्हणजे मेमरी मागायच्या नेहमीच्या फंक्शनकडनं. ६४-बिट मशीनवर ग्लिबसीचा (लिनक्सच्या सी लायब्ररीचा) मॅलॉक मोठा तुकडा एममॅपनं (कर्नलकडून थेट पेजेस मागायचा कॉल) आणतो आणि त्याच्या सुरुवातीला स्वतःचे १६ बाइट ठेवतो, म्हणजे तुम्हाला मिळणारा पत्ता पेजच्या सुरुवातीला कधीच नसतो. मॅलॉक इथं वापरूच नका. पोझिक्स-मेमअलाइन किंवा थेट एममॅप वापरा आणि पत्ता एकदा प्रिंट करून बघा, ४ केबीच्या पेजला शेवटचे तीन हेक्स आकडे शून्य पाहिजेत. पेजचा साइज पण कोडात ४०९६ लिहून टाकू नका, सिस्टिमला विचारा, रास्पबेरी पाय ५ चा डीफॉल्ट कर्नल १६ केबीची पेजेस वापरतो. अलाइन नसलेला, म्हणजे पेजच्या सुरुवातीला सुरू न होणारा, डेटा चालतो असं कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आहे आणि ते खरंही आहे, पण कर्नलचं काम वाढतं आणि ज्या वेगासाठी आपण हे करतोय तोच जातो.

म्हणून लूप असा लिहा: एका फेरीत जास्तीत जास्त १६ पेजेस द्या, व्हीएमस्प्लाइसनं जेवढे बाइट परत सांगितले तेवढेच स्प्लाइसला द्या, स्प्लाइसनं पण कमी घेतले तर उरलेले परत ढकला, आणि पाइप पूर्ण रिकामा झाल्यावरच पुढची फेरी. पाइपचा साइज वाढवून एका दमात एक एमबी द्या असा सल्ला कोणी दिला तर सोडून द्या, कर्नल आत तुकडे करूनच घेतो, फायदा जवळजवळ नाही आणि हिशोब चुकायला जागा वाढते.

घोळाची दुसरी जागा मोअर फ्लॅगची. हॅश करताना स्प्लाइसला मोअर फ्लॅग दिला नाही तर कर्नल समजतो की डेटा संपला, हॅश तिथंच बंद करतो आणि पुढची फेरी नव्यानं सुरू होते. मग शेवटी रीड केल्यावर मिळतो तो फक्त शेवटच्या तुकड्याचा हॅश. टेस्टला छोटी फाइल घेतली तर एकाच फेरीत काम होतं आणि सगळं बरोबर दिसतं, साइटवर मोठी फाइल आली की बोंब. हॅशला प्रत्येक फेरीत मोअर द्या, शेवटच्या पण, कारण रीड केलं की कर्नल हॅश पूर्ण करूनच देतो.

सायफरचं वेगळं आहे. तिथं सगळा डेटा आधी कोंबून मग रीड करू म्हणाल तर सॉकेटचा बफर भरतो, स्प्लाइस थांबून राहतो, आणि तुमचा एकच थ्रेड असेल तर रीड करणारं कोणी नाही, प्रोग्रॅम तिथंच गोठतो. थोडं ढकला, तेवढं रीड करा, मग पुढचं, आणि मोअर फक्त शेवटच्या तुकड्यावरून काढा.

बफर परत कधी वापरायचा यात पण हॅश आणि सायफरमध्ये फरक आहे. हॅशमध्ये स्प्लाइस परत आला म्हणजे तेवढ्या डेटाचं काम झालेलं असतं, बफरवर लगेच नवीन लिहिलं तरी चालतं. सायफरमध्ये रीड होईपर्यंत कर्नलनं तुमचीच पेजेस धरलेली असतात, त्यात मधेच नवीन रीडिंग लिहिलंत तर तेच एन्क्रिप्ट होऊन बाहेर येतं. आणि व्हीएमस्प्लाइसचा गिफ्ट फ्लॅग, जो डॉक्युमेंटेशनच्या उदाहरणात पण आहे, तो बफर परत वापरणार असाल तर देऊ नका. त्याचा अर्थच असा की ही मेमरी मी कर्नलला देऊन टाकली, परत कधी हात लावणार नाही. व्हीएमस्प्लाइसला फ्लॅगच्या जागी शून्य द्या.

डेटा फाइलमध्येच असेल आणि फक्त हॅश पाहिजे असेल तर यातलं काहीच नको, सेंडफाइल कॉल थेट क्रिप्टोच्या डिस्क्रिप्टरवर लावा, परत आलेला आकडा फाइलच्या साइजएवढाच आहे ना ते बघा आणि रीड करा. आणि डेटा एखाद-दुसऱ्या पेजचाच असेल तर साधं सेंडएमएसजी लावा, पाइपच्या दोन कॉलांपेक्षा तेवढी कॉपी स्वस्त पडते. हे सगळं हातानं लिहायचं नसेल तर लिबकेकॅपी लायब्ररी आहे, त्यात व्हीएमस्प्लाइस की सेंडएमएसजी ते तुम्ही सांगू शकता किंवा तिच्यावर सोडू शकता. व्हीटीयूच्या (इथल्या इंजिनिअरिंग विद्यापीठाच्या) प्रोजेक्टवाल्या पोरांना मी हेच सांगतो, आधी लायब्ररीनं चालवा, मग स्वतःचं लिहून उत्तर ताडून बघा.

टेस्ट करताना १, ४०९५, ४०९६, ४०९७, ६५५३५, ६५५३६, ६५५३७ बाइट आणि काही एमबीची एक फाइल, एवढे साइज घ्याच, आणि प्रत्येकाचा हॅश शा२५६सम कमांडच्या उत्तराशी लावून बघा. मग बफर मुद्दाम १६ बाइट पुढं सरकवून हीच यादी परत चालवा. दुसऱ्या वेळी एक जरी हॅश जुळला नाही तर परत आलेला आकडा कुठंतरी वाचायचा राहिलाय, आधी तोच शोधा, वेग नंतर मोजा.