संधिवात आणि ऑस्टिओपॅथी: आईच्या गुडघ्यांसाठी काय केलं, कसं केलं

आम्ही फोंड्याचे, पावसाळा लागला की आईचे गुडघे धरायचे, आणि चवथीच्या तयारीत आदोळीवर (नारळ खवायच्या विळीवर) बसून नारळ खवले की तिला उठवायला दोघं लागायची. तेव्हा कोणीतरी ऑस्टिओपॅथ सुचवला. त्या सगळ्यातून जे कळलं ते लिहितेय.

पहिलं म्हणजे ऑर्थोपेडिक आणि ऑस्टिओपॅथ एक नव्हे. ऑर्थोपेडिक हाडांचा डॉक्टर, ऑपरेशन करणारा. ऑस्टिओपॅथी ही अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ च्या सुमारास सुरू केलेली, हातांनी करायची ट्रीटमेंट. आपल्याकडे बरेचदा फिजिओथेरपिस्टच वेगळा कोर्स करून ती देतात, त्यामुळे शिक्षण कुठे झालं, किती वर्षं झाली हे सरळ विचारा, त्यात लाजायचं काही नाही.

पण त्याच्याही आधी डॉक्टरकडून निदान करून घ्या, हे मी हात जोडून सांगते. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासात सुटत असेल तर बहुधा झिजेचा संधिवात, तासभर राहत असेल आणि बोटांचे सांधे सुजत असतील तर आमवात असू शकतो, त्याची औषधं वेगळी आणि ती लवकर सुरू व्हावी लागतात. चिकनगुनिया झालेल्यांचे सांधेही कित्येक महिने दुखतात. आणि एकच सांधा अचानक लाल, गरम झाला, सोबत ताप आला तर मालीश नाही, ऑस्टिओपॅथ नाही, थेट हॉस्पिटल, त्याच दिवशी.

ऑस्टिओपॅथकडे जाताना एक्स-रे, रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची यादी न्या. रक्त पातळ करायची गोळी, स्टेरॉइड, ठिसूळ हाडं, जुनं ऑपरेशन, काहीच लपवू नका. आमवात असेल तर मानेला कडकन झटका देऊ द्यायचाच नाही, कारण त्या आजारात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात आणि मज्जारज्जूला धोका होतो.

ऑस्टिओपॅथने आईला आधी चालायला लावलं, मग कंबर, खुबा, घोटा सगळं तपासलं, कारण खुबा आखडला की भार गुडघ्यावर येतो. मग मांडीचे स्नायू हळूहळू दाबून मोकळे केले, पाय धरून सांधा एका लयीत हलवला. दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकलं, एक-दोन दिवस तेवढं चालतं, त्याहून जास्त राहिलं तर फोन करून सांगा.

आता मुख्य गोष्ट. हातांच्या उपचाराने झीज भरून येत नाही, मिळतो तो थोडे दिवसांचा आराम, आणि त्या आरामातच व्यायाम करून घ्यायचा असतो. ब्रिटनच्या नाईस (उपचारांबद्दल मार्गदर्शन काढणारी संस्था) या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनातही झिजेच्या संधिवातात असे उपचार फक्त खुब्याला आणि गुडघ्याला, तेही व्यायामासोबतच विचारात घ्या असं आहे. आईला दिलेला व्यायाम साधा होता: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ५ सेकंद दाबायचं, असं १० वेळा, आणि हात न टेकता खुर्चीवरून उठ-बस, जमेल तेवढी. व्यायामाने वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर कमी करा, बंद नको.

घरात आदोळी टेबलावर चढवली, जमिनीवरची बैठक बंद केली. आखडलं असेल तर १५-२० मिनिटं शेक, सूज असेल तर थंड. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची, पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पेनकिलर मनाने रोज घेऊ नका, बीपी, शुगर, किडनीवाल्यांनी तर मुळीच नको.

तीन-चार सेशननंतर उठणं-बसणं, जिना, रात्रीची झोप यात काहीच फरक नसेल तर पैसे घालवू नका, आणि कोणी पहिल्याच दिवशी वीस सेशनचं पॅकेज गळ्यात मारत असेल तर तिथून उठून या. आम्ही कॅलेंडरवर रोज दुखण्याला दहापैकी मार्क लिहायचो, त्यावरूनच ठरवलं पुढे जायचं की थांबायचं.