वेबसाइटसाठी फॉर्म बनवताय? या चुका टाळा

मोबाईल नंबरच्या खान्याला दहा अक्षरांची मर्यादा घालणारे अजून संपले नाहीत. नंबर दहाच आकडी असतो हे खरंय, पण लोक नंबर टाइप करतात कुठे, व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी करून चिकटवतात आणि त्याच्यापुढे +९१ असतंच.

कोकणातल्या एका होमस्टेच्या साइटवर हेच झालेलं. मालक वैतागलेले, "अहो, लोक फोन करून सांगतायत फॉर्म जातच नाही." साइट बनवणारा म्हणे, माझ्याकडे तर चालतंय. चालणारच ना, तो दर वेळी हाताने दहा आकडे टाकत होता! मी फोनवरून नंबर पेस्ट केला तर +९१ ने तीन जागा खाल्ल्या, शेवटचे तीन आकडे गुपचूप कापले गेले, वर लाल अक्षरात 'अवैध क्रमांक' आणि नाव, तारखा सगळं पुसून फॉर्म परत कोरा. एवढं झाल्यावर कोण थांबतंय.

मी मर्यादा घालतच नाही. येईल ते घ्यायचं, स्पेस, डॅश, पुढचं शून्य, +९१ कोडमध्येच काढायचं, देवनागरी आकडे आले तर बदलून घ्यायचे आणि मग मोजायचं. चार-पाच ओळींचं काम, पण व्हिडिओ बघून शनिवार-रविवारात साइट लाइव्ह करायची घाई असली की या ओळी कोण लिहिणार! कोडमध्ये खान्याचा टाइप 'टेल' (tel, म्हणजे फोन नंबरसाठीचा) ठेवा, 'नंबर' नको, त्यात +, स्पेस टिकतील याचा भरवसा नाही.

नावाच्या खान्यात फक्त ए ते झेड चालवणाऱ्यांबद्दल काय बोलावं. थोडे हुशार लोक 'कुठल्याही भाषेचं अक्षर चालेल' असा नियम लावतात, मग 'कमल' जातं आणि 'राम' अडतो, कारण युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं कॉम्प्युटरात साठवायच्या पद्धतीच्या, हिशेबात काना हे अक्षर नाही, चिन्ह आहे. चिन्हांनाही परवानगी द्या, नाहीतर नाव तपासायचंच सोडा, मी तेच करतो.

इंग्रजी टेम्प्लेटमधलं (तयार साच्यातलं) लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, मराठी शीर्षकाला तसंच ठेवलं की शिरोरेषा तुटते, शून्य करा. लाइन-हाइट, म्हणजे एका ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या १.६ पट किंवा आसपास हवी, कमी ठेवली तर वरच्या ओळीचे उकार खालच्या रफारांवर आदळतात.

खान्याचं नाव आतल्या फिकट अक्षरात लिहू नका, टाइप करायला लागलं की ते गायब. आणि आयफोनवर खान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा बारीक असली की टॅप करताच पान झूम होतं, त्यासाठी झूमच बंद करून टाकणारे महाभाग आहेत. अरे, अक्षरं मोठी करा की!