पिट्सबर्गला बेसबॉलची मॅच पाहायची तर तिसऱ्या बेसच्या बाजूची तिकिटं काढा

२००१ साली उघडलेल्या पीएनसी पार्क स्टेडियममध्ये पहिल्या बेसच्या बाजूला बसलात, तर नदीपलीकडच्या उंच इमारती पाठीमागे राहतात. म्हणून तिसऱ्या बेसच्या बाजूची, वरच्या मजल्यावरची तिकिटं घ्या. स्वस्त पडतात आणि खेळ कंटाळवाणा झाला तरी समोर शहर आहेच. हॉटेल डाउनटाउनमध्ये घ्या. मॅचच्या दिवशी नदीवरचा क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद असतो, स्टेडियमपर्यंत रमतगमत चालत जाता येतं. दुपारी स्ट्रिप डिस्ट्रिक्ट या भागात प्रिमँटीच्या दुकानातलं सँडविच खा. फ्राइज आणि कोबीची कोशिंबीर पावातच कोंबलेली असते, दोघांत एक पुरतं. १८७७ पासून चालणारी ड्यूकेन इनक्लाइन ही डोंगर चढणारी छोटी रेल्वे मात्र अंधार पडताना गाठा. वरून तिन्ही नद्या आणि दिवे दिसतात.