परगावी टांग्यात बसण्यापूर्वी

मुंबईला गेल्यावर मुलांना गेटवेपाशी व्हिक्टोरियात बसवू, असे ठरवून कोणी सोलापूरकर निघत असेल, तर त्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हौसेखातर घोडागाड्या चालवणे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवले असून, २०२१ मध्ये तेथे आल्या त्या विजेवर चालणाऱ्या बिनघोड्याच्या व्हिक्टोरिया. खरा टांगा हवा असल्यास म्हैसूर सोयीचे. गोलगुंबझ एक्सप्रेसने सोलापूरहून थेट जाता येते आणि राजवाड्याच्या परिसरात टांगे मिळतात.

भाड्याची घासाघीस नंतर करावी. आधी घोडा पाहावा. साजाचे पट्टे जेथे घासतात तेथील केस गेले असतील किंवा ओली जखम दिसत असेल, लांबूनही बरगड्या मोजता येत असतील, अथवा चालताना प्रत्येक पावलाला मान खाली-वर होत असेल, तर कितीही स्वस्त पडला तरी तो टांगा सोडून द्यावा. मागचा एक पाय सैल टेकवून उभा असलेला घोडा मात्र लंगडा समजू नये, कारण उभ्या उभ्या विसावण्याची त्याची ती रीतच आहे. तोंडाला तोबरा, म्हणजे दाण्याची पिशवी, बांधलेला असल्यास त्यातली चंदी संपेपर्यंत थांबावे.

ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. त्यांनुसार जनावराला दिवसात नऊ तासांहून अधिक व विश्रांतीविना सलग पाच तासांहून अधिक जुंपता येत नाही, आणि तापमान ३७ अंशांवर गेले असता दुपारी बारा ते तीन या वेळेत तर मुळीच नाही. वैशाखातले ऊन सोसणाऱ्या सोलापूरकरांना याचे कारण वेगळे सांगायला नको. टांगेवाला व सहा वर्षांखालील मुले वगळता चारांहून अधिक माणसे बसवण्यासही मनाई आहे, तेव्हा ‘दाटीवाटीने बसा, जमेल’ हा आग्रह मानू नये.

फेरीचा मार्ग, वेळ आणि भाडे माणशी की गाडीचे, हे चढण्यापूर्वीच ठरवावे. घोड्याच्या मागून न जाता त्याला दिसेल अशा बाजूने यावे. दोनचाकी टांग्यात सगळी वजनदार मंडळी मागे बसली की गाडी उलाळ होते, म्हणजे मागे कलून पुढून उचलली जाते, म्हणून टांगेवाला ‘जरा पुढे सरका’ म्हणाला तर निमूटपणे सरकावे. ‘जोरात पळवा’ असे सांगू नये. डांबरी रस्त्यावर नाल घसरतो. गाडी पूर्ण थांबल्यावर व टांगेवाल्याने लगाम धरल्यावरच, मुलांना हाताशी घेऊन, एकेकाने उतरावे.