फोकस रिंग किती फिरते ते बघूनच लेन्स घ्या

लेन्स घेताना आपण एफ नंबर (लेन्स किती प्रकाश आत घेते त्याचा आकडा) बघतो, वजन बघतो, किंमत तर बघतोच, पण फोकस रिंग अगदी जवळच्या टोकापासून इन्फिनिटीपर्यंत, म्हणजे पार दूरच्या फोकसपर्यंत, किती फिरते हे दुकानात फारसं कोणी विचारत नाही, आणि मग मॅन्युअल फोकसवर काम करायची वेळ आली की सगळ्यात आधी तिथेच अडतं. या फिरण्याला फोकस थ्रो म्हणतात आणि तो अंशांत मोजतात. फोटोसाठी बनवलेल्या बऱ्याच ऑटोफोकस लेन्समध्ये रिंग जेमतेम पाव फेरी फिरते, जुन्या मॅन्युअल लेन्समध्ये अर्धी फेरी किंवा त्याहून जास्त, आणि सिनेमाच्या लेन्समध्ये, म्हणजे कॅननच्या सीएन-ई प्राइम किंवा झाइसच्या सीपी.३ वगैरे, साधारण ३०० अंश.

आता यावरून लगेच "जास्त अंश म्हणजे चांगली लेन्स" असं धरून चालू नका. तुम्ही ज्या अंतरावर काम करता त्या अंतरात रिंग किती फिरते हे बघायचं असतं, आणि ते एकूण आकड्यावरून अजिबात कळत नाही.

कारण साधं आहे. ५० मिमीची साधी लेन्स घ्या, जिच्यात फोकस करताना सगळी काच एकत्र पुढे सरकते. अर्ध्या मीटरवर फोकस करायला ती इन्फिनिटीच्या जागेपासून साधारण ५.५ मिमी पुढे येते, १ मीटरला २.६ मिमी, २ मीटरला १.३ मिमी, ५ मीटरला फक्त अर्धा मिमी. आता समजा रिंग एकूण १८० अंश फिरते, तर त्यातले ९५ अंश अर्धा ते १ मीटरमध्येच संपतात, १ ते २ मीटरला ४४ मिळतात, २ ते ५ मीटरला २५, आणि ५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळ्या जगाला मिळून उरतात १६ अंश! हीच लेन्स ९० अंशांची असेल तर ८. लेन्सचा बाहेरचा व्यास ६० मिमी धरला तर ८ अंश म्हणजे बोटाखाली ४ मिमी सरकणं. आतल्या आत फोकस होणाऱ्या लेन्समध्ये हे आकडे वेगळे येतात आणि सिनेमाच्या लेन्समध्ये मुद्दाम दूरच्या खुणा फाकवून दिलेल्या असतात, पण जवळच्या बाजूला ऐसपैस जागा आणि दूरच्या बाजूला दाटी, हे चित्र बहुतेक मेकॅनिकल लेन्समध्ये, म्हणजे जिथे रिंग काच थेट सरकवते तिथे, दिसतंच.

म्हणून आधी तुमचं काम कुठल्या अंतरावर चालतं ते ठरवा. गोव्यात चतुर्थीला माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या सजावटीचे, जवळून फोटो काढायचेत, फळांचे, रानातल्या वेलींचे, तर तुम्ही अर्ध्या मीटरच्या आत आहात, तिथे लांब थ्रो म्हणजे सुखच, केसभर इकडेतिकडे करता येतं. मॅक्रो लेन्सची रिंग एवढी जास्त का फिरते त्याचं उत्तरही हेच. पण देवळाच्या काल्याला, म्हणजे जत्रेला, रात्री दशावताराचं नाटक शूट करताय, रंगमंच ६ ते १० मीटरवर आहे, तर वरच्या ९० अंशांच्या ५० मिमी लेन्सवर ६ ते १० मीटर हे अख्खं अंतर पावणेतीन अंशांत बसतं, म्हणजे बोटाखाली दीड मिमीसुद्धा नाही. ५० मिमी एफ १.८ वर हे एक वेळ निभतं, कारण फुल फ्रेमवर (३६ बाय २४ मिमीच्या सेन्सरवर) ८ मीटरला जवळजवळ पावणेतीन मीटर खोली फोकसमध्ये असते. ८५ मिमी एफ १.८ लावली की तीच खोली १ मीटरच्या आत येते, मग मागे उभं असलेलं पात्र आणि पुढे आलेलं पात्र यातलं एकच शार्प मिळणार आणि तिथे तुमची रिंग किती बारीक हलते यावर सगळं अवलंबून.

उलट शिगम्याच्या मिरवणुकीत लांब थ्रो त्रासाचाच होतो. रोमटामेळ, म्हणजे ढोल-ताशांवर नाचणारा जथा, तुमच्याकडे चालत येतोय, झेंडे हलतायत, गर्दीत धक्के बसतायत, अशा वेळी २७० अंशांच्या रिंगवर हात दोनदा-तीनदा उचलून परत पकडावा लागतो आणि तेवढ्यात मेळ पुढे निघून जातो. तिथे छोटा थ्रो चांगला, आणि खरं सांगायचं तर तिथे ऑटोफोकसच लावा, हट्ट करू नका. चोडणच्या सालिम अली अभयारण्यात पक्ष्यांसाठीही मी हेच सांगेन, लेन्सवर फोकस लिमिटरचं (फोकसचा टप्पा मर्यादित करणारं) बटण असेल तर ते फक्त दूरच्या टप्प्यावर ठेवा, म्हणजे मोटर उगाच जवळच्या टोकापर्यंत जाऊन शोधत बसत नाही, आणि खंड्या ज्या खुंटावर परत परत येऊन बसतो त्यावर आधीच फोकस करून ठेवा.

थ्रो घरी मोजायला काही लागत नाही. मास्किंग टेपची एक पट्टी रिंगभोवती पूर्ण गुंडाळा, लेन्सच्या न फिरणाऱ्या भागावर पेनाने एक बारीक रेघ मारा, रिंग जवळच्या टोकाला नेऊन रेघेसमोर टेपवर खूण करा, मग इन्फिनिटीला नेऊन दुसरी खूण. टेप सोडवून दोन खुणांमधली लांबी मोजा, तिला पूर्ण फेरीच्या लांबीने भागा, ३६०ने गुणा, झालं. (दोन खुणा एकमेकींना ओलांडून गेल्या तर थ्रो पूर्ण फेरीपेक्षा जास्त आहे, मग पूर्ण फेरी त्यात मिळवा.) पण त्याहून उपयोगाचं म्हणजे नवीन टेप लावून मोजपट्टीने १, २, ३, ५ मीटरवर एखादी वस्तू ठेवा, स्क्रीनवर मॅग्निफाय करून प्रत्येक अंतराला फोकस करा आणि टेपवर खूण करत जा. मोजपट्टी कॅमेऱ्याच्या सेन्सरपासून धरायची, बऱ्याच बॉडीवर गोलातून गेलेल्या आडव्या रेघेची खूण असते तिथून. ही टेप बघितली की तुमच्या लेन्सवर कुठे जागा आहे आणि कुठे दाटी आहे ते डोळ्यांना दिसतं, स्पेसिफिकेशन वाचायची गरजच राहत नाही.

मिररलेसवाल्यांनी (ज्यांच्या कॅमेऱ्यात आरसा नसतो त्यांनी) मात्र थांबा. तुमच्या बहुतेक लेन्समध्ये रिंगचा काचेशी थेट संबंधच नसतो, रिंग फक्त सिग्नल देते आणि मोटर काच हलवते. बऱ्याचदा ती वेगावर चालते, म्हणजे हळू फिरवली तर फोकस थोडासा सरकतो आणि तेवढंच अंतर झटकन फिरवलं तर भरपूर. फोटोला ते सोयीचं आहे, पण व्हिडिओत टेपवरच्या खुणा फुकट जातात, कारण रिंग त्याच खुणेवर परत आणली तरी फोकस तिथे परत येईल याची खात्री नाही. यावर उपाय मेनूत असू शकतो, तो आधी शोधा. निकॉनच्या झेड ८, झेड ९ मध्ये ही सोय चालणाऱ्या लेन्सना रिंगची रेंज ९० अंशांपासून पुढे अंशांत ठरवता येते, फुजीच्या बऱ्याच बॉडीत लिनिअर (रिंग जेवढी फिरेल तेवढाच फोकस सरकणार) आणि नॉनलिनिअर (वेगावर चालणारा) असा पर्याय आहे, कॅननच्या आर सिरीजमध्ये आरएफ लेन्सची रिंग वेगाशी जोडायची की फिरण्याच्या अंशांशी ते निवडता येतं, पॅनासॉनिकच्या एस सिरीजमध्येही अंश निवडता येतात. शॉर्टफिल्म करणाऱ्यांनी लिनिअर लावायचं आणि लग्नाच्या कामाला १२० ते १८० अंशांच्या दरम्यान ठेवून बघायचं, त्याच्या पुढे हाताने एका दमात ओढणं कठीण जातं. एक गोष्ट लिनिअरमध्येही लक्षात ठेवा, या रिंगला टोकाला अडकायचा स्टॉप नसतो, टोक आल्यावरही ती फिरतच राहते आणि खुणा सरकतात, म्हणून प्रत्येक टेकच्या आधी रिंग जवळच्या टोकापर्यंत नेऊन खुणा परत जुळवून घ्या.

हाताचंही एक तंत्र आहे. डावा हात खालून लेन्सला आधार देतो, अंगठा आणि तर्जनी रिंगवर. मनगट आरामात जेवढं वळतं त्यापेक्षा फोकस लांब ओढायचा असेल तर सुरुवात अवघड स्थितीत करा आणि शेवट आरामाच्या स्थितीत होऊ द्या, कारण शॉट जिथे थांबणार तिथेच हात स्थिर हवा. सांखळीला त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत होड्या सोडतात तेव्हा जवळच्या पणतीवरून दूरच्या सजवलेल्या होडीवर फोकस न्यायचा असेल तर हे करून बघा, फरक लगेच दिसेल. आणि अशा शॉटमध्ये लक्षात ठेवा की हालचालीचा बहुतेक भाग पणतीच्या बाजूलाच खर्च होतो, होडीजवळ पोचताना बोट एकदम मंद करायचं, नाहीतर फोकस पुढे निघून जातो. ट्रायपॉडवर असाल तर फॉलो फोकस (बाजूच्या चाकाने रिंग फिरवणारं साधन) लावा, त्यासाठी ०.८ मॉड्यूलचे (दातांचं ठरलेलं माप) दात असलेली गिअर रिंग साध्या लेन्सलाही बसवता येते, ए आणि बी स्टॉप, म्हणजे सुरुवातीला आणि शेवटाला चाक अडवणारे थांबे, असलेलं मिळालं तर छोट्या थ्रोची लेन्ससुद्धा आटोक्यात येते.

रात्री आकाश शूट करणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. बऱ्याच ऑटोफोकस आणि टेलिफोटो लेन्स मुद्दाम इन्फिनिटीच्या थोड्या पुढेपर्यंत फिरतात, कारण उन्हाने तापल्यावर लेन्सचे भाग प्रसरण पावतात आणि फोकसची जागा बदलते. त्यामुळे रिंग शेवटपर्यंत पिळली म्हणजे तारे शार्प आले असं होत नाही. दोनापावलवरून मुरगाव बंदराचे दिवे दिसतात, त्यातला एक दिवा मॅग्निफाय करून सगळ्यात बारीक ठिपका होईपर्यंत फोकस करा आणि रिंगला टेप लावून टाका. छोट्या थ्रोच्या लेन्सवर ही टेप लागतेच, नुसता हात लागला तरी फोकस जातो.

जुनी मॅन्युअल लेन्स घेत असाल, तिचा थ्रो लांब आणि किंमत कमी म्हणून बरेच जण घेतात आणि चांगलंच करतात, तर रिंग दोन्ही टोकांपर्यंत हळूहळू फिरवून बघा. वाटेत कुठे जड, कुठे सैल लागते का, करकर येते का, दिशा बदलताना रिंग आधी थोडी रिकामी फिरते का. रिकामी फिरणारी घेऊ नका, दूरच्या बाजूला रिंगची जेमतेम काही मिमी हालचाल असते, तिथे हे ढिलेपण सगळं बिघडवतं. ग्रीस सुकलेलं असेल तर दुरुस्त होतं. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आणि काचेत बुरशी बघा, आपल्या गोव्याच्या हवेत बुरशी फार लवकर धरते, घरी आणल्यावर ड्राय कॅबिनेटमध्ये ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवा, नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल. किनाऱ्यावर वापरलीत तर रिंग फिरवायच्या आधी ब्लोअरने वाळू उडवा, आणि निकॉनवरून कॅननवर आला असाल तर दोघांच्या रिंगा उलट दिशेला फिरतात, पहिल्या कामाच्या आधी घरी सराव करूनच जा.