लेक टाहोची फ्लूम ट्रेल एमटीबीवर (माउंटन बाईकवर) कशी करावी: स्पूनर लेक ते टनेल क्रीक

कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवर लेक टाहो आहे, आणि त्याच्या पूर्वेच्या डोंगरात, तलावाच्या साधारण १,५०० फूट वरून फ्लूम ट्रेल (फ्लूम म्हणजे पाण्याचा पाट, ट्रेल म्हणजे डोंगरातली वाट) जाते. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून गाडीने चारेक तास लागतात, त्यामुळे आपली मराठी मंडळी टाहोला सारखी येत असतात, पण बहुतेक जण बीच आणि बर्फ करून परत जातात. सायकल बऱ्यापैकी चालवता येत असेल तर ही राईड नक्की करा. पूर्ण राईड सुमारे १४ मैलांची आहे, आणि तिचे तीन तुकडे आहेत, आधी नॉर्थ कॅनियनचा चढ मग कडा मग टनेल क्रीकचा वाळूचा उतार. माझं स्पष्ट मत आहे की यात सगळ्यात अवघड तुकडा शेवटचा आहे, कारण तोपर्यंत पाय आणि डोकं दोन्ही थकलेलं असतं. म्हणून सुरुवातीपासून सगळं त्या शेवटच्या उतारासाठी वाचवत जायचं.

आधी उंची समजून घ्या

टाहोच्या पाण्याची पातळीच ६,२२५ फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा तलावाचं पाणी उंचावर. राईड सुरू होते ७,००० फुटांच्या आसपास आणि पोचते ८,००० च्या थोडं वर. समुद्रसपाटीवरून पहाटे निघून थेट पेडल मारायला लागलात तर धाप लागते, डोकं दुखतं, नेहमीचा स्पीड येतच नाही. आदल्या रात्री टाहोलाच मुक्काम करा, भरपूर पाणी प्या, रात्री दारू नको.

सीझन साधारण जून ते ऑक्टोबर, पण बर्फ किती पडला त्यावर सुरुवात पुढेमागे होते, तेव्हा निघायच्या आधी स्टेट पार्कात फोन करून ट्रेल उघडी आहे का ते विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग जमून विजा पडू शकतात आणि कड्यावर आडोसा नाही, त्यामुळे सकाळी लवकर निघणं बरं. माझ्या मते सगळ्यात भारी वेळ सप्टेंबरचा शेवट, तेव्हा नॉर्थ कॅनियनमधली अ‍ॅस्पेनची झाडं पिवळी धमक होतात आणि गर्दी कमी असते.

शटलचं आधी बघा

ट्रेल एका ठिकाणी सुरू होते आणि दुसरीकडे संपते. गाडी तलावाच्या उत्तरेकडच्या इनक्लाइन व्हिलेज गावाच्या बाजूला, जिथे राईड संपते तिथे लावायची आणि शटलने स्पूनर लेकला जायचं. शटल बुक करून ठेवा, वीकेंडला जागा मिळत नाही. सायकल भाड्याने पण तिथेच मिळते, आणि हार्डटेलपेक्षा (फक्त पुढे सस्पेन्शन) फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे) घ्या, शेवटी हात वाचतात.

सायकल आणि सामान

टायरमध्ये हवा कमी ठेवा. ७०-७५ किलोच्या माणसाला ट्युबलेसमध्ये पुढे २२-२४ आणि मागे २५-२७ पीएसआय चांगली चालते, ट्यूब असेल तर थोडी जास्त, नाहीतर दगड आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिमटून पंक्चर होते. ब्रेक पॅड आदल्या दिवशी बघून घ्या, झिजले असतील तर बदलाच, पुढे कारण कळेल. सोबत एक ट्यूब, पंप, मल्टिटूल, चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी). पाणी माणशी तीन लिटर तरी, कारण वाटेत नळ नाही, आणि तलावाचं पाणी फिल्टर केल्याशिवाय प्यायचं नाही. एक पातळ जॅकेट, ऊन असलं तरी. मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून मॅप डाउनलोड करून घ्या आणि एकट्याने जाऊ नका.

नॉर्थ कॅनियनचा चढ

स्पूनरवरून चार-पाच मैल कच्च्या रस्त्याने चढायचं, मध्ये मध्ये वाळू आणि शेवटी शेवटी चांगला खडा चढ. सगळ्यात हलका गिअर टाका, बोलता येईल इतक्याच जोरात चालवा, आणि बोलणं तुटायला लागलं की थांबा. खड्या जागी सीटवर पुढे सरकून बसा, कोपरं खाली, छाती हँडलकडे, म्हणजे पुढचं चाक उचलत नाही आणि मागचं वाळूत फिरत राहत नाही. उभं राहून जोर लावला की मागचं चाक घसरणारच. ढकलत नेलं तरी काही बिघडत नाही, बरेच जण ढकलतात.

इथल्या अ‍ॅस्पेनच्या खोडांवर जुन्या काळच्या बास्क मेंढपाळांनी कोरलेली नावं दिसतात. तो आता इतिहास झालाय, आपण मात्र चाकू काढायचा नाही, गडांच्या भिंतींवर बदाम कोरणाऱ्यांनी आपल्याकडे काय केलंय ते आपण बघतोच.

चढ संपला की मार्लेट लेकपर्यंत उतार आहे. तलावाच्या काठाला सावलीत बसून नीट खा, घाई करू नका. जेफ्री पाइनच्या सालीच्या भेगेत नाक घालून बघा, उन्हात तापलेली असेल तर चक्क व्हॅनिलाचा वास येतो. मग पश्चिम काठाने धरणापर्यंत जा, तिथून पुढे खरी फ्लूम.

कड्यावरचा साडेचार मैलांचा सिंगलट्रॅक (एका वेळी एकच सायकल जाईल अशी वाट)

१८७० च्या दशकात व्हर्जिनिया सिटीच्या चांदीच्या खाणींना पाणी हवं होतं, म्हणून मार्लेटमधून लाकडी पाट काढून डोंगराच्या कडेकडेने पाणी एका बोगद्यापर्यंत नेलं, टनेल क्रीक हे नाव त्या बोगद्यावरूनच. पाटाला अगदी मंद उतार लागतो म्हणून ट्रेल जवळजवळ सपाट आहे. पुढे १९८० च्या दशकात मॅक्स जोन्स या माउंटन बाईक रेसरने ही विसरलेली वाट सायकलसाठी साफ केली. अजूनही कुठे कुठे जुन्या फळ्या पडलेल्या दिसतात.

इथे दमछाक नाही, भीती मात्र आहे. वाट काही ठिकाणी हँडलपेक्षा थोडीच रुंद, डावीकडे सरळ खाली टाहो आणि सँड हार्बर बीचचं हिरवंनिळं पाणी. नजर जिथे जाते तिथे सायकल जाते, त्यामुळे चालवताना नजर वाटेवर दहा-पंधरा फूट पुढे, आणि तलाव बघायचा असेल तर थांबून बघायचा. पेडल समांतर ठेवा, खाली गेलेलं पेडल दगडाला आपटलं तर तोल थेट दरीकडे जातो.

एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती मी सांगतो. दक्षिणेकडून उत्तरेला जाताना दरी डाव्या बाजूला असते, आणि आपल्यापैकी बहुतेकांना सायकलवरून डावीकडे उतरायची सवय असते. घाबरून पाय टेकायला गेलात तर तो दरीच्या बाजूला पडणार. म्हणून घरीच पार्किंगमध्ये उजवीकडे उतरायची प्रॅक्टिस करा, उजवा पाय टेकायचा आणि सायकल डावीकडे धरायची. पोटरीला चेनचं काळं लागेल, लागू दे. दगडांच्या दोन-तीन जागा अशा आहेत की तिथे उतरून चालणंच शहाणपणाचं, तिथेही आपण डोंगराच्या बाजूला. समोरून कोणी आलं तर रुंद जागा बघून थांबा, आणि चालणाऱ्याला आणि घोड्याला पहिला मान.

टनेल क्रीकचा उतार

फ्लूम संपली की लगेच उतरायला सुरुवात करू नका. दहा मिनिटं बसा, पाणी प्या, बोटं मोकळी करा. इथून तीनेक मैलांत साधारण १,५०० फूट खाली जायचंय आणि रस्ता रुंद असल्यामुळे स्पीड आपोआप वाढतो. झिजलेल्या ग्रॅनाइटची वाळू जाड रव्यासारखी असते, वरून घट्ट दिसते आणि वळणावर चाक एकदम आत जातं.

सीट खाली करा, उभे राहा, गुडघे आणि कोपरं सैल, कंबर मागे. प्रत्येक ब्रेकवर एकच बोट, बाकीची हँडलवर. स्पीड वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर कमी करायचा, वळणात पुढचा ब्रेक दाबला की चाक दुमडतं आणि माणूस खाली. ब्रेक सलग दाबून ठेवू नका, दाबा-सोडा करा, नाहीतर डिस्क तापून ब्रेक ढिले पडतात. वाळूत चाक रुतलंच तर हँडल घट्ट पकडून वळवायला जाऊ नका, सायकलला थोडं हलू द्या. आणि वर चालत येणारी माणसं असतात, कुटुंबं असतात, कुत्रे असतात, आंधळ्या वळणावर आवाज द्या.

खाली पोचल्यावर डिस्कला हात लावू नका, चांगली पोळते.

पुढच्या वेळी आणखी अवघड हवं असेल तर टाहो मेडोजवरून टाहो रिम ट्रेलने (तलावाभोवतीच्या डोंगरांवरून फिरणारी वाट) टनेल क्रीकपर्यंत या, पण त्या भागात सायकल फक्त सम तारखांना चालते, तेव्हा सुट्टी टाकायच्या आधी कॅलेंडर बघून घ्या.